नवं घर बांधताना दागिने, रोकड, कागदपत्रं ठेवायला कुठं जागा काढावी?

अंबाजोगाईकरीण
नमस्कार मंडळी. जुनं माळवदाचं घर उतरवून त्याच जागी आम्ही नवं घर बांधायलोत. विटांच्या भिंती चौकटीच्या वर गेल्यात, स्लॅब पडला की प्लास्टर. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, दिवसभर घराला कुलूप. लॉकर आहे, पण सगळंच तिकडं नेता येत नाही. लग्नसराईत आज पाटल्या लागतात, उद्या बोरमाळ लागते, आणि नेमका रविवार येतो. पेरणीच्या तोंडावर बी-खतासाठी रोकड घरात असते. देवाची चांदीची भांडी तर रोजचीच. जुन्या घरात बळद (धान्य साठवायची बंद जागा) होतं, जाड भिंतीत देवळ्या होत्या. आताच्या घरात सगळं सपाट. बांधकाम चालू असतानाच काय करून घ्यावं, कोणत्या जागा बिनकामाच्या आणि ती जागा घरात कुणाकुणाला ठाऊक असावी, हे अनुभवी लोकांनी सांगा.

जुना रंधा
ताई, वेळेत विचारलंत. लोक रंग झाल्यावर येतात आणि मंग भिंत फोडायला लावतात. जालन्यात सुतारकीत जन्म गेला, त्यातून सांगतो.

भिंतीत बसवायची लोखंडी तिजोरी घ्यायची तर नऊ इंची भिंतच पाहिजे, चार इंचीत ती मावत नाही आणि टिकत नाही. भिंत घरातली पाहिजे. बाहेरच्या भिंतीला मागून फोडता येतं. न्हाणीला लागून असलेली भिंत नको, ओल येते. कॉलम-बीमला तर हातच लावायचा नाही. तिजोरी नुसती सिमेंटात बसवू नका, मागून आणि तळातून अँकर बोल्ट मारून घ्या, नट तिजोरीच्या आत. दुकानातून आणून कपाटात सुटी ठेवलेली तिजोरी चोर उचलून नेतो आणि शेतात जाऊन निवांत फोडतो. त्याला शोधाशोध करायची गरजच राहत नाही.

फर्निचरमध्ये माझी आवडती जागा म्हणजे कपाटाचा तळ. कपाटाची खालची फळी फरशीपासून तीन-चार इंच वर असते, पुढं पट्टी लावून ती पोकळी बंद केलेली असते. ती फळी खिळे न मारता नुसती बसती करायची. वरच्या लॅमिनेटखाली लोखंडी पत्र्याचा तुकडा चिकटवायचा. एरवी फळीला मूठ नाही, फट नाही. मोठा चुंबक ठेवला की पत्र्याला धरतो आणि फळी उचलते. चुंबक दुसऱ्या खोलीत, शिलाई मशीनच्या खणात पडलेला असू द्या, तिथं त्याचा कुणाला संशय येत नाही.

सागवानी भरीव दाराच्या वरच्या कडेत उभं भोक पाडून त्यात ॲल्युमिनियमची नळी बसवतात. साखळी, अंगठ्या, सोन्याची नाणी मावतात. फ्लश डोअरला हे करू नका, बऱ्याच दारांना आत नुसता सांगाडा असतो.

परभणीची थोरली
रंधेदादा, छान सांगितलंत. मी चोराच्या बाजूनं सांगते, कारण आमच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हा पंचनाम्याच्या वेळी मी त्या घरात होते. वैशाखाचे दिवस, घरचे सगळे गच्चीवर झोपलेले, खाली दार नुसतं लोटलेलं. आपल्याकडं उन्हाळ्यात घरोघर हेच असतं.

कपाटातला चोरकप्पा पहिल्यांदा फोडला होता. त्याची किल्ली त्याच कपाटात साड्यांखाली होती, तीही सापडलेली. गाद्या उलट्यापालट्या. देवघराचे खण बाहेर. स्वयंपाकघरात तांदळाचा डबा, डाळींचे डबे, ज्वारीची कोठी, सगळं फरशीवर ओतलेलं. देवांच्या तसबिरी भिंतीवरून काढून मागं बघितलेलं. फ्रिजमधलीसुद्धा भांडी उघडून ठेवलेली. म्हणजे आपल्या आयांनी आणि सासवांनी ज्या जागा भरवशाच्या मानल्या, त्या चोरांना पाठ आहेत. त्यांच्या घरातही आयाच आहेत.

माळ्यावर मात्र जुन्या वह्यांची पोती, महालक्ष्म्यांच्या कोथळ्यांचं गाठोडं, बाळंतिणीची बाज, असलं सामान होतं. त्याला हातही लागला नव्हता. एका कोथळीत वाळे आणि गोठ होते, ते जसेच्या तसे मिळाले. (आता त्यांनी ती जागा बदलली आहे, म्हणून लिहिलं.) तिथं जायला स्टूल लागतं, धूळ अंगावर येते, एकेक गाठ सोडावी लागते. चोराला घाई असते, तो एवढा वेळ घालवत नाही.

अंबाजोगाईकरीण
चुंबकाची कल्पना फारच आवडली! एक विचारते. हल्ली व्हिडिओत खोटा स्विचबोर्ड दाखवतात, मागं डबी असते. ते करावं का?

जुना रंधा
करता येतं, पण दोन गोष्टी पाळा. त्या बॉक्सात जिवंत वायर अजिबात नको, पाईपसुद्धा तिथं आणू नका. खऱ्या बोर्डाच्या मागं जागा आहे म्हणून लोक त्यात पुडी सारतात, ते जिवावरचं काम आहे. सोनं वीज वाहून नेतं. दुसरं म्हणजे बोर्ड जिथं शोभेल तिथंच असावा. पलंगाशेजारी फुटभर उंचीवर किंवा दाराजवळ चार फुटांवर. भिंतीच्या मधोमध एकटाच बोर्ड दिसला तर कुणीही दाबून बघतो, त्यातही लहान लेकरं आधी. मला विचाराल तर हे व्हिडिओ इतके फिरलेत की मी आता तो लावत नाही.

बालाघाट
मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं निम्मं गाव दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातं, गुढीपाडव्याच्या मागंपुढं माघारी येतं. तोवर घराला कुलूप, नाहीतर म्हातारं माणूस आणि शाळेतली लेकरं. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) तर एकदम हातात येते. कोणतं घर बंद आहे हे साऱ्या मुलखाला ठाऊक, मग तिथं कितीबी हुशारीची जागा केली तर काय कामाची? चोराला सारी रात मोकळी मिळते.

मनून आमच्यात बाया कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीवर) डोरल्याची पोत सोडून काही नेत नाहीत, आणि घरीबी काही ठेवत नाहीत. कुणी माहेरी भावाकडं ठेवतं. कुणी दागिन्यावर थोडंसं कर्ज उचलून तो बँकेतच राहू देतं, माघारी आलं की सोडवून घेतं. व्याज जातं, पण दागिना बँकेच्या ताब्यात राहतो. जे रानात, आखाड्यावर राहतात त्यांनी तर दागिना जवळ ठेवूच नये. तिथं दहा-वीस हाकांवर माणूस नसतं. चार जण काठ्या घेऊन आले तर लपवलेली जागा अंगावर येते, सांगेपर्यंत मारतात. अशा वेळी जे मागतील ते देऊन टाकायचं, जीव राहिला तर सोनं पुन्हा करता येतं.

ताई, तुमचं घर गावात आहे, रोज संध्याकाळी तुम्ही परतता. तुमच्यासाठी ह्या जागा कामाच्या आहेत. आमच्यासाठी नाहीत, एवढंच सांगायचं होतं.

लातूरचा निवृत्त कॅशियर
बालाघाट, मुद्दा पटला. सोनेतारण कर्जाची वाट अनेक जण सुरक्षिततेसाठीच धरतात, काउंटरवर बसून हे पाहिलंय.

लॉकरबद्दल थोडं. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यानं केलेली अफरातफर यांत लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत आहे. भूकंप, पूर, वीज पडणं अशा नैसर्गिक आपत्तीत ती जबाबदारी नाही. भाडं दोन हजार असेल तर शंभरपट म्हणजे दोन लाख. आत वीस तोळे असले तरी दोनच लाख. लॉकर वाईट असं म्हणत नाही, माझंही सगळं तिथंच आहे. पण वारसाचं नामनिर्देशन केलेलं नसेल तर उद्याच जाऊन करा. रोकड लॉकरमध्ये ठेवायची नसते.

रोकड घरात ठेवायची तर थोडी आणि कोरड्या जागी. माळ्यावर, लाकडी पेटीत ठेवलेल्या गड्ड्या वाळवीनं खाल्लेल्या मी हातात घेतल्या आहेत. वरून नोट शाबूत दिसते, पट्टी सोडली की आतून चाळण. 50 रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत मिळते, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी. त्याखाली काही नाही. उंदराची कुरतड कडेनं असते, त्यामुळं बरीचशी वाचते. वाळवी मधूनच खाते, आणि मग एक अखंड तुकडा उरतच नाही.

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आठवा. तेव्हा डब्यातून, उशीतून, साडीच्या घडीतून पाचशे-हजारच्या नोटा बाहेर आल्या. डिसेंबर संपल्यावरही काही आज्या बँकेत येत होत्या, कारण नोटा कुठं ठेवल्या ते त्यांना उशिरा आठवलं. त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटायचं.

गोदाकाठ
मी नांदेडकडचा, वय ऐंशीच्या पुढं. आमच्या वडलांच्या तोंडचं सांगतो. 1948 साली रझाकारांच्या धास्तीनं लोक रातोरात गाव सोडून निजामाच्या सरहद्दीपलीकडं जायचे. सोबत काय नेणार? चांदीचे हाली शिक्के (निजामाचे रुपये), सोनं, तांब्याच्या लोट्यात घालून, तोंडाला राळ लावून पुरायचे. सात हालीला सहा कलदार (इंग्रजी रुपये) असा भाव, पलीकडच्या मुलखात हाली चालायचीही नाही, म्हणून ती मागंच राहायची. जागा बहुधा गोठ्यात, गव्हाणीखाली. वर शेण-गोमूत्राचा चिखल, उकरलेलं दिसत नाही, आणि परकं माणूस आत शिरलं की जनावर उठून उभं राहतं.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, 17 तारखेला निजाम शरण आला, लोक परतले. ज्यांच्या घरचा पुरणारा माणूस परतला त्यांना मिळालं. पुरताना घरधनी एकटाच असायचा, बायकोलासुद्धा सांगायचा नाही. तो वाटेत गेला की मागं नुसती खणाखणी. आमच्या शेजारच्या घरानं गोठा दोन पुरुष खोल उकरला. जमिनीत होतं की नव्हतं, हेसुद्धा कुणाला कळलं नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं त्यात आहे.

तेरणाकाठ
गोदाकाठ काका, तुमचं वाचून राहवलं नाही. आम्ही औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या भागात दगड-मातीच्या दोन-तीन फुटी भिंती आणि वरचं माळवद लोकांवर आलं. या भिंतींच्या आतल्या-बाहेरच्या दगडांना सांधणारे आरपार दगड नव्हते, मधे माती-चुरा भरलेला. त्यातच देवळ्या, खोबण्या, बळदं. ज्यांची घरं अजून तशी आहेत त्यांना हात जोडून विनंती की जागा करायला भिंत आणखी पोकरू नका. ताईंचं घर विटांचं आहे, तरी गवंड्याला न विचारता कोनाडा वाढवू नका.

ढिगारे उपसताना दुसरीही गोष्ट दिसली. माणसं काढल्यावर कितीतरी दिवसांनी डबे, पेट्या निघू लागल्या. एका भिंतीचा ढिगारा तीन घरांचा झालेला. मग कुणाचं काय? भांड्यावर नाव कोरलेलं असलं तर प्रश्न मिटायचा. लग्नातल्या पितळी डब्यावर नाव-गाव-तारीख असायची, त्या डब्यातला ऐवज ज्याचा त्याला गेला. निनावी पुरचुंडीवर भांडणं झाली. तेव्हापासून आमच्या घरात ऐवजाचा डबा नाव कोरलेलाच असतो. लपवायची वस्तू आणि तिच्यावर नाव, हे ऐकायला उलटं वाटेल, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

अंबाजोगाईकरीण
वाचून अंगावर काटा आला. डब्यावर नाव घालून घेणार. आमच्या भागातही त्या पहाटे सगळे अंगणात होते.

लातूरचा निवृत्त कॅशियर
तेरणाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून. दागिन्यांचे फोटो काढा, पावत्या ठेवा. 1 एप्रिल 2023 पासून सोनाराला हॉलमार्कचा नवा दागिना सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक टिपून ठेवा. चोरीची फिर्याद देताना ‘पिवळ्या धातूची माळ’ यापेक्षा क्रमांक दिला तर ओळख पटवायला सोपं जातं. जुन्या दागिन्यांना क्रमांक नसतो. त्यांचा वजनासकट फोटो काढा, झीज किंवा डाग असेल तो दिसेल असा जवळून. जमिनीची कागदपत्रं मात्र फार दडवू नका. सातबारा आता ऑनलाइन मिळतो, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून निघते. त्यांना चोरापेक्षा वाळवी, ओल आणि आग जास्त धोक्याची.

नवा सभासद, हिंगोली
जुनं घर पाडताना हंडा निघाला तर तो आपलाच ना? आमचं पण पाडायचंय.

लातूरचा निवृत्त कॅशियर
नाही, थेट नाही. 1878 चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वास्तूत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवलं तर शिक्षा आहे, वाटाही जातो. ऐवज शंभर वर्षांच्या आतला आणि तुमच्याच पूर्वजांनी ठेवलेला असेल, तर दिवाणी न्यायालयात हक्क सांगायची वाट कायद्यात आहे. मजुरांसमोर निघाला तर ‘कुणाला सांगू नका’ म्हणत बसण्यात अर्थ नाही, ते सांगणारच.

पैठणची सून
चांदीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मिठाच्या बरणीत चांदी ठेवू नका, सोन्याला चालतं पण चांदी खराब होते. वर्तमानपत्रात, लोकरीत किंवा रबर लावून ठेवली तरी काळी पडते. स्वच्छ धुवट मलमल, घट्ट झाकणाचा डबा, सोबत खडूचा तुकडा, एवढं पुरतं. मोती सुती कापडात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. मे महिन्यात तिथं हात लावता येत नाही.

आणि ज्या वस्तू घराबाहेर जातात त्यांत काही ठेवू नका. जुन्या साड्या बोहारणीकडं जातात, गादी पिंजाऱ्याकडं, पुस्तकं रद्दीत, पिठाचा डबा गिरणीत.

मराठवाडी बाणा
सगळं ठीक, पण माझं मत वेगळं. जागा एकालाच ठाऊक असावी. दोघांना कळली की चौघांना कळते. पोरं मित्रांना सांगतात, सुना माहेरी सांगतात. घरातलं बहुतेक घरातूनच फुटतं.

पैठणची सून
बाणा, मी सून आहे म्हणून हे मनाला लागलं, आणि म्हणून नीटच उत्तर देते. माझ्या सासूबाईंचंही तुमच्यासारखंच मत होतं. जागा फक्त त्यांना माहीत. मग त्यांना विस्मरणाचा आजार झाला. त्या रोज दागिने एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायच्या आणि विसरायच्या. सापडलं नाही की नाव कुणाचं? घरकामाला येणाऱ्या मावशीचं. आमच्याकडं लेकरं लहान असल्यापासून येणारी बाई, तिच्या पिशव्या तपासल्या गेल्या. ती रडत गेली ती परत आली नाही. पुढं सरी आणि एकदाणी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पणत्यांखाली मिळाली. मी आणि माझे मिस्टर तिच्या घरी जाऊन पाया पडलो. तिनं पाणी दिलं, चहा दिला, पण कामाला येते म्हणाली नाही.

सासूबाईंना दोष देत नाही, तो आजार होता. पण जागा आणखी एकाला ठाऊक असती तर एका गरीब बाईच्या नावाला बट्टा लागला नसता. चोर लांबून येतो. संशय मात्र आधी घरात राबणाऱ्या माणसावर जातो, याचाही विचार जागा निवडताना झाला पाहिजे.

परभणीची थोरली
अगदी! नवरा-बायको आणि पुढच्या पिढीतलं एक माणूस. मग ती मुलगी असो, सून असो.

मराठवाडी बाणा
वहिनी, सुनांबद्दलचं वाक्य मागं घेतो. तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. आज आईला जागा विचारली, तिनं सांगितली.

जुना रंधा
ताई, शेवटी ठेवणीची वाटणी सांगतो. रोजचं आहे ते चटकन निघेल असं साध्या कुलपात, कारण रोज चोरजागा उघडली की ती सगळ्यांना दिसते. सणावाराचं कपाटाच्या तळात. वर्षातून एकदा लागणारं लॉकरमध्ये. चोरकप्प्यात थोडी रोकड आणि एक ग्रॅमवाल्या माळा मुद्दाम राहू द्या, हाताला काहीतरी लागलं की चोर बहुधा निघायच्या मागं असतो. कपाट माझ्यासारख्याकडून करून घ्या, पण फळी मोकळी करून पत्रा चिकटवायचं काम भाऊसाहेबांनी स्वतः करावं. घंटाभराचं काम आहे. मी लपवाछपवीचा माणूस नाही, तरी सांगतो, सुताराला ठाऊक असलेली जागा ही पूर्ण तुमची नसते.

अंबाजोगाईकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बोलणं झालं. मधल्या नऊ इंची भिंतीत तिजोरी, कपाटाचा तळ, माझ्या मुलीला दोन्ही ठाऊक. सासूबाई आजच डब्यावर नाव घालायला कासाराकडं गेल्या. रंधेदादा, प्लास्टरच्या आधी भिंतींचे फोटो काढून ठेवायचे म्हणतात, ते कसे?

जुना रंधा
वायरिंगचे पाईप बसल्यावर, प्लास्टरच्या आदल्या दिवशी. प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो घ्या, मंजे पुढं बोल्ट मारताना पाईप फुटत नाही. माप मात्र चौकटीपासून आडवं आणि स्लॅबच्या तळापासून खाली धरा. फरशीवरून धरू नका. फरशी अजून बसायचीय, भर टाकून दोन-तीन इंच तरी वर येईल आणि सगळी मापं चुकतील.